आनंदीबाईंची प्रेरणा

मनुष्य वैद्यकाकडे का वळतो? कोणी अर्थार्जनासाठी, कोणी प्रतिष्ठेसाठी. आनंदीबाई जोशी यांचे कारण निराळे होते. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांतच दगावला. पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगण्यास स्त्रिया संकोचत, हेही त्या जाणून होत्या. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी स्त्री-डॉक्टरांची निकड भरसभेत मांडली आणि त्याच वर्षी अमेरिका गाठली. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्या एम. डी. झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. रुग्णसेवा घडली नाही. वाट मात्र मोकळी झाली.

शिक्षकांनी विचारावे : आनंदीबाईंनी स्वतःच्या दुःखाचे काय केले?