डीपीचे तेल आणि तळपायाचा डाग

विजेच्या जुन्या डीपीतील काही तेलांत पीसीबी नावाचे रसायन असे. ते माती, गाळ आणि माशांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकते. त्यामुळे मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ मध्ये ठरवले. भारताने २०१६ मध्ये पीसीबीच्या उत्पादनावर व आयातीवर बंदी घातली. म्हणून असे तेल आपण दुखऱ्या गुडघ्याला चोळू नये, चुलीतही टाकू नये.

सावळ्या त्वचेत मेलॅनोमा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो. रोवणीच्या चिखलात तळपायाकडे लक्ष जात नाही. रोवणीनंतर आपण घरातल्या सगळ्यांचे तळवे धुऊन पाहू या. काळा डाग वाढला, रंग बदलला, रक्त आले, तर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दाखवू या. वरच्यावर असताना काढला तर तो बहुधा बरा होतो. खोल गेला की शरीरभर पसरू शकतो.