बिकिनीचे नारळ आणि माडाची राख

मुचकुंदी नदीच्या मुखाशी वसलेल्या पूर्णगडसारख्या गावात माडाच्या आळ्यात चुलीतली राख टाकण्याची कोकणी पद्धत जुनी आहे. राखेतून झाडाला पोटॅशिअम मिळते. या साध्या गोष्टीचा पॅसिफिक महासागरातील अणुस्फोटांशी काय संबंध असेल? पाहू या.

मार्शल बेटांपैकी बिकिनी हे कंकणाकृती प्रवाळद्वीप. १९४६ साली अमेरिकेने तेथील १६७ रहिवाशांना अन्यत्र हलवले आणि १९५८ पर्यंत तेथे २३ अणुस्फोट केले. त्यांपैकी १ मार्च १९५४ चा स्फोट हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट शक्तीचा होता.

१९४७ मध्येच शास्त्रज्ञांनी बेटावर जाऊन मासे, प्रवाळ, वनस्पती यांची पाहणी केली. पुढेही अनेक पाहण्या झाल्या. १९६८ मध्ये लोकांना परतता येईल असे जाहीर झाले. माड लावले गेले, काही कुटुंबे परतली. पण माड धरू लागले आणि ते नारळ खाणाऱ्यांच्या शरीरात सीझिअम-१३७ वाढू लागले. शरीरातून बाहेर पडणारे गॅमा किरण मोजून हे कळले. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा घरदार सोडावे लागले.

असे का झाले? आवर्त सारणीत सीझिअम आणि पोटॅशिअम एकाच गणात येतात. त्यांचे रासायनिक गुण सारखे. आपल्याकडील मातीतले चिकणकण सीझिअमला धरून ठेवतात. प्रवाळाच्या चुनखडी जमिनीत चिकणमाती नाही आणि पोटॅशिअमही फार थोडे. भुकेले मूळ मग पोटॅशिअमऐवजी सीझिअम शोषून घेते.

उपाय याच कारणात दडलेला होता. वरची माती खरवडून काढली असती, तर सुपीक थरही गेला असता. त्याऐवजी शास्त्रज्ञांनी माडांना पोटॅशिअम क्लोराइडचे खत घातले. नारळातील सीझिअम सुमारे दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही खाली आले. तरीही बिकिनीचे लोक आजवर तेथे पुन्हा वसलेले नाहीत.

तेव्हा लक्षात ठेवा : केवळ जमिनीवरचा किरणोत्सार मोजून भागत नाही. तेथील माणसे काय खातात, हेही पाहावे लागते.

सोडवून पाहा : सीझिअम-१३७ चा अर्धायुष्यकाल सुमारे ३० वर्षे आहे. १९५४ मध्ये ते १०० भाग होते असे धरल्यास, केवळ ऱ्हासामुळे २०४४ मध्ये किती भाग उरेल?

(उत्तर : १२.५ भाग)