गोल केले तीन, खाल्ले अकरा, तरी क्रमांक दुसरा!

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. तेथील विद्यार्थ्यांपुढे 'सरासरी' या विषयावर बोलण्याचा प्रसंग मला आला. व्याख्यान संपल्यावर नववीतला एक मुलगा वही घेऊन पुढे आला. वहीत त्याने लिहिले होते : 'आशियाई चॅम्पियन्स लीग, २०२२. मुंबई सिटी. सामने ६, केलेले गोल ३, खाल्लेले गोल ११, गटात क्रमांक दुसरा.' तो म्हणाला, "सर, तुमच्या रीतीने सरासरी काढली तर हा संघ दर सामन्यात अर्धा गोल करतो आणि जवळजवळ दोन खातो. मग चार संघांत तो दुसरा कसा? छापण्यात चूक झाली आहे का?"

छापण्यात चूक नव्हती. प्रश्न मात्र इतका चांगला होता की त्याचे उत्तर तेथे पाच मिनिटांत देणे मला जमले नाही. ते आज येथे देतो.

प्रथम बेरीज मोडून सुटे आकडे पाहू. एप्रिल २०२२ मध्ये हे सामने सौदी अरेबियात रियाध येथे झाले. मुंबईचे गोल आधी लिहिले तर सहा निकाल क्रमाने असे : ०–३, २–१, ०–१, ०–०, ०–६, १–०. यांतील पहिला आणि पाचवा सामना सौदी अरेबियाच्या अल शबाब या संघाशी होता. दुसरा व सहावा इराकच्या एअर फोर्स क्लबशी, तिसरा व चौथा अमिरातीच्या अल जझीराशी. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला ०. म्हणजे मुंबईचे गुण ३ + १ + ३ = ७.

आता अल शबाबचे दोन सामने बाजूला काढा. त्यांत मुंबईने एकही गोल केला नाही व ९ खाल्ले. उरलेल्या चार सामन्यांत केले ३, खाल्ले २! वजा आठचा जो फरक आपल्याला बुचकळ्यात टाकतो, तो वजा नऊ आणि अधिक एक यांची बेरीज आहे. साती गुण त्या चार सामन्यांतले आहेत. सहा गोलांनी हरले काय किंवा एका गोलाने हरले काय, गुण शून्यच. गोलांची बेरीज करताना ०–६ हा सामना सहापट बोलतो, गुण मोजताना तो इतर पराभवांइतकाच बोलतो. अल शबाबने या गटात १६ गुण मिळवले, म्हणजे पाच विजय व एक बरोबरी. असा एक बलाढ्य संघ गटात असला की बाकीच्यांच्या सरासऱ्या तो बिघडवून टाकतो.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. २०२१ मध्ये एफ. सी. गोवा हा या स्पर्धेच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावरच झाले. निकाल : ०–०, ०–०, १–२, ०–४, १–१, ०–२. केले २, खाल्ले ९, फरक वजा सात. मुंबईपेक्षा हा फरक एकाने बराच! पण गुण अवघे ३, कारण तीन बरोबऱ्या व तीन पराभव. अल रय्यान या कतारच्या संघाविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात गोवा आघाडीवर होता. शेवटच्या काही मिनिटांत बरोबरी झाली आणि दोन गुण निसटले. एका गोलाची किंमत फुटबॉलमध्ये एवढी असते.

येथे कोणी म्हणेल, मग हा सारा दैवाचा खेळ झाला. तसे नाही. दैवाचा वाटा किती, हेही मोजता येते, आणि ते मोजण्याची रीत फार सुंदर आहे.

समजा, एक संघ सरासरीने सामन्यात एक गोल करतो. सामना ९० मिनिटांचा. म्हणजे कोणत्याही एका मिनिटात गोल होण्याची संभाव्यता ढोबळमानाने १/९० व न होण्याची ८९/९०. नव्वद मिनिटांत एकही गोल न होण्याची संभाव्यता काढायची तर ८९/९० ला ९० वेळा स्वतःने गुणावे लागेल. गणकयंत्र घेऊन करून पाहा. उत्तर सुमारे ०.३६६ येते. मिनिटांऐवजी सेकंद घेतले तर ०.३६८. भाग कितीही बारीक केले तरी आता हा आकडा फारसा हलत नाही. १ ला २.७१८ ने भागले की तो मिळतो, आणि ही २.७१८ म्हणजे पुढे अकरावी-बारावीत तुम्हाला पदोपदी भेटणारी संख्या 'ई'. सरासरी २ असेल तर दोन वेळा भागायचे : ०.१३५.

शून्य गोलांचा वाटा कळला की पुढचे सोपे. त्याला सरासरीने गुणून १ ने भागा, एका गोलाचा वाटा मिळेल. त्या उत्तराला पुन्हा सरासरीने गुणून २ ने भागा, दोन गोलांचा. मग ३ ने, मग ४ ने. सरासरी १ असलेल्या संघाच्या १०० सामन्यांपैकी साधारण ३७ मध्ये शून्य, ३७ मध्ये एक, १८ मध्ये दोन, ६ मध्ये तीन व उरलेल्या दोनांत त्याहून जास्त गोल अपेक्षित आहेत.

फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ मध्ये न्यायालयातील निकालांच्या संभाव्यतेवर लिहिलेल्या ग्रंथात हे वितरण मांडले. त्याला खरी प्रसिद्धी मिळाली १८९८ मध्ये, बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाच्या एका विचित्र उदाहरणामुळे. प्रशियाच्या सैन्यात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले, याची त्याने नोंद तपासली. दहा पथके, वीस वर्षे, म्हणजे २०० नोंदी. मृत्यू एकंदर १२२, सरासरी ०.६१. त्यांत १०९ नोंदींत शून्य मृत्यू, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, ३ मध्ये तीन, एकीत चार. वरच्या रीतीने तुम्ही २०० चे वाटे पाडा. जवळजवळ हेच आकडे येतील. लाथ कधी बसेल हे कोणी सांगू शकत नव्हते, पण किती वर्षे किती बसतील याचा आराखडा ठरलेला होता. जे विरळा आणि एकमेकांशी संबंध न ठेवता घडते, ते बहुधा असेच पसरते.

आता दोन संघ समोरासमोर आणू. बलवान संघ सरासरीने २ गोल करतो, दुबळा १. दोघांचे वाटे मांडून गुणाकार केले तर शंभरांपैकी सुमारे ६१ सामने बलवान जिंकतो, २१ बरोबरीत सुटतात आणि १८ सामने चक्क दुबळा जिंकतो! दुप्पट ताकद असूनही पाचांतील दोन वेळा बलवान संघाच्या हाती विजय लागत नाही.

हेच कबड्डीत पाहा. समजा, एक संघ सरासरीने ४० गुण मिळवतो व दुसरा २०. प्रमाण तेच, दुपटीचे. गुण गोलांसारखेच स्वतंत्रपणे पडतात असे मानले, तर दुबळा संघ २०० सामन्यांत एखादाच जिंकेल. (खऱ्या कबड्डीत लोण बसला की गुण एकदम चढतात, म्हणून हे उत्तर थोडे बदलेल. पण मुद्दा बदलत नाही.) चढाया पुष्कळ असतात, गुण पुष्कळ पडतात आणि नशिबाचे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लोलकाचा काळ काढताना एका आंदोलनाऐवजी वीस आंदोलने मोजायला सांगतात. त्यामागचे कारण अगदी हेच नसले तरी जवळच्या नात्यातले आहे.

म्हणूनच फुटबॉलमध्ये नवल घडते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मोल्दोव्हा या छोट्या देशातील शेरीफ या क्लबने रेआल माद्रिदला त्याच्याच मैदानावर २–१ असे हरवले. रेआल त्या मोसमात या स्पर्धेतील १३ पैकी ४ सामने हरला, आणि तरीही २८ मे २०२२ रोजी अंतिम सामन्यात लिव्हरपूलला १–० ने नमवून विजेता ठरला. त्या रात्री त्याचा गोलरक्षक कूर्त्वा याने नऊ फटके अडवले. 'शेरीफ रेआलपेक्षा चांगला संघ' असे त्या एका निकालावरून म्हणणारा आणि 'निकाल खोटाच' म्हणणारा, दोघेही चुकतात.

परत मुंबईकडे येऊ. केलेल्या गोलांची सरासरी ०.५. वरच्या रीतीने सहा सामन्यांचे वाटे : शून्य गोल ३.६ सामन्यांत, एक गोल १.८ मध्ये, दोन गोल ०.५ मध्ये. प्रत्यक्षात ४, १, १. सहाच सामने असूनही मेळ चांगला आहे. खाल्लेल्या गोलांची सरासरी १.८३, येथे मात्र गाडी अडते. या सरासरीने एका सामन्यात सहा किंवा अधिक गोल बसण्याची संभाव्यता सुमारे नव्वदात एक आहे. मग ०–६ आला कसा? केवळ दुर्दैव म्हणून सोडून देऊ नका. सूत्र येथे आपल्याला सांगते आहे की सहाही सामन्यांना एकच सरासरी लावणे चुकीचे होते. अल शबाबसाठी वेगळी सरासरी हवी. सूत्र जुळते तेव्हा आनंद होतो, पण जुळत नाही तेव्हा ते जास्त शिकवते, असा माझा अनुभव आहे.

११ एप्रिल २०२२ चा २–१ हा निकाल त्या मुलाच्या वहीत नव्हता, कारण त्याने फक्त बेरजा उतरवल्या होत्या. त्या दिवशी एअर फोर्स क्लब एका गोलाने पुढे असताना दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि राहुल भेकेने डोक्याने मारलेल्या गोलावर मुंबई जिंकली. या स्पर्धेच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. दुसरा क्रमांक मिळूनही मुंबईला पुढची फेरी गाठता आली नाही, कारण पश्चिम विभागाच्या गटांतील दुसऱ्या क्रमांकांपैकी फक्त सर्वोत्तम तीनच संघांना जागा होती.

आता तुमच्यासाठी प्रयोग. १ ते ५० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात टाका. एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा. असे ६० वेळा करा. ५० आकडे म्हणजे ५० सामने आणि ६० चिठ्ठ्या म्हणजे ६० गोल, सरासरी १.२. एकदाही न आलेले आकडे सुमारे १५, एकदा आलेले १८, दोनदा ११, तीनदा ४ व त्याहून अधिक वेळा एक-दोन निघायला हवेत. (अंगणात चौकोन आखून ज्वारीचे दाणे फेकूनही मी हे करून पाहिले, पण दाणे मधल्या चौकोनांत जास्त पडतात. चिठ्ठ्याच बऱ्या.) वर्गातील पाच-सहा गटांनी वेगवेगळे करून आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

नंतर गोव्याच्या दोन गोलांसाठी, ०.३३ सरासरी धरून, सहा सामन्यांचे वाटे काढा. शून्य गोलांसाठी ४.३ व एका गोलासाठी १.४ आले, तर तुमची रीत बरोबर आहे. प्रत्यक्ष आकडे या लेखातील निकालांवरून स्वतः मोजा.