वय पुसा, चाकू पुसू नका

बाबू, आजोबाच्या संदुकीतून घडीचा चाकू निघाला की लगेच पॉलिशपेपर हाती घेऊ नको. मी घेतला होता, पंधरा-सोळा वर्षांचा असताना. पातं आरशासारखं झालं, अन् पातं मुठीत शिरतं तिथला ठसा साफ उडाला. चाकूची जन्मपत्रिका त्या बोटभर जागेतच असते. तिथं फक्त तेलाचं बोट फिरवायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी चिंधीनं टिपायचं. मग पातं अर्धं उघडून उन्हात तिरपं धरायचं. सावली पडली की अक्षरं उठतात.

तारा अन् त्याच्या शेजारी क्रॉस दिसला, तर ती शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. पण तेवढ्यानं हुरळू नको. कारखाने तोच ठसा पिढ्यान्‌पिढ्या मारत. राणीच्या नावाची अक्षरंसुद्धा काहींनी राणी गेल्यावर चालू ठेवली. म्हणून ठशाला ‘केव्हाचा?’ पुसू नको, ‘केव्हाच्या आधीचा नाही?’ हे पूस. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर १९४९ च्या आधीचा नाही. ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर १९१३ च्या आधीचा नाही, कारण हॅरी ब्रिअर्लीनं शेफील्डात ते पोलाद त्या साली केलं. नुसतं ‘शेफील्ड’ असून ‘इंग्लंड’ नसेल, तर लोक झटकन १८९० च्या आधीचा म्हणतात. पण आयात मालावर देशाचं नाव हवं, हा १८९० चा मॅकिन्ली कायदा अमेरिकेचा. वणीच्या जत्रेत विकायला आलेल्या मालाला त्याचं काय?

आता पोलाद. चुंबकाच्या भरवशावर राहू नको. चाकूचं बहुतेक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. कैरी काप, नाहीतर लिंबू, अन् पातं न पुसता घटकाभर राहू दे. निळसर-काळं झालं तर साधं कार्बनचं पोलाद. तसंच राहिलं तर स्टेनलेस. तो काळा डाग घासून काढायचा नाही, तो गंजाला थोडा अडवतो.

पाणी किती चढलंय हे कानशीला विचार. पात्याच्या बुडाशी, ठसा सोडून, हळूच एक हात मार. कानस घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. सहाणेच्या चाकावर ठिणग्या पाहायची हौस असेल तर ती मोडक्या विळ्यावर फेड. कार्बनच्या ठिणग्या लांब अन् फाटे फुटलेल्या, स्टेनलेसच्या आखूड, तांबूस. जुना चाकू चाकावर धरला अन् धार निळी पडली, की पाणी उतरलंच म्हण. मग लोहाराशिवाय इलाज नाही.

लोहारावरून आठवलं. पात्याला ठसाच नसेल, पाठ जाड असेल, अंगावर हातोड्याचे चट्टे असतील अन् रिव्हेट मुठीपेक्षा नवा दिसत असेल, तर मूठ विलायती असली तरी पातं गावचं समज. ट्रकच्या कमानपाट्याचं असेल. माझ्या मते ते मूळ पात्याहून हलकं मुळीच नाही.

मूठ सांबरशिंगाची निघाली तर मात्र बाजारात नेऊ नको. तो सौदा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

माझा तो चाकू अजून आहे. लिंबू कापलं की काळा पडतो. त्याच्याबद्दल खात्रीनं एवढंच सांगता येतं.