सायकलचें पायडल : पाऊल मोकळें असावें कीं जखडलेलें ?

सायकल विकत घेतांना आपण चाकें, ब्रेक व गिअर हीं बारकाईनें पाहतों. परंतु ज्या भागावर स्वाराच्या पायांचें सारें बळ पडतें, त्या पायडलाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. शर्यतींतील स्वारांचे बूट पायडलांस जणूं चिकटलेले पाहून अनेक विद्यार्थ्यांस तशींच पायडलें हवींशीं वाटतात. उलट पाय अडकून मूल पडेल, या भीतीनें पालक नकार देतात. दोहोंच्या म्हणण्यांत कांहीं तथ्य आहे. म्हणून पायडलांचे मुख्य तीन प्रकार कोणते, त्यांचे गुणदोष काय व कोणीं कोणतें घ्यावें, याचा विचार येथें करूं.

पहिला प्रकार सपाट पायडलाचा. हा सर्वांच्या परिचयाचा आहे. रबरी ठोकळ्यांचें किंवा बारीक खुंट्या असलेलें हें पायडल पावलास कोठेंच बांधीत नाहीं. कोणतेंही पादत्राण चालतें आणि पाय क्षणार्धांत जमिनीवर टेकतां येतो. दोष हा, कीं पावसांत गुळगुळीत तळाचा बूट त्यावरून घसरतो व खडबडीत रस्त्यावर पाऊल जागचें हलतें. खुंट्यांचें पायडल व रबरी तळाचा बूट अशी जोड घातल्यास हा दोष बराच कमी होतो. मात्र पाऊल चुकलेंच, तर त्याच खुंट्या नडगी सोलून काढतात.

दुसरा प्रकार टो-क्लिपचा. पायडलाच्या पुढील बाजूस एक कमान असते व तींतून पट्टा ओवलेला असतो. पाऊल कमानींत सरकवून पट्टा आवळावयाचा. पावलाचा चवडा आंसावर स्थिर राहतो आणि साधा बूट चालतो, हा याचा गुण. पट्टा आवळलेला असतां मात्र हात खालीं नेऊन तो ढिला करावा लागतो व मग पाऊल मागें ओढावें लागतें. अकस्मात् म्हैस आडवी आली, तर एवढें करण्यास अवकाश कोठून मिळणार ? पट्टा सैल ठेवावा, तर पाय सुटतो खरा, पण बांधण्याचा लाभही त्याबरोबर जातो.

तिसऱ्या प्रकारास क्लिपलेस, म्हणजे क्लिपविरहित, असें म्हणतात. आणि पाऊल सर्वांत घट्ट बसतें तें यांतच! टो-क्लिप काढून टाकली, म्हणून हें नांव पडलें. बुटाच्या तळास क्लीट नांवाचा एक लहान तुकडा स्क्रूनें बसवितात. तो पायडलांतील स्प्रिंगच्या जबड्यांत दाबला कीं खट्‌कन अडकतो, आणि टांच बाहेर वळविली कीं सुटतो. १९७१ सालीं इटलीच्या चिनेली कंपनीनें असें पायडल काढलें होतें. परंतु पाय सोडविण्यास हातानें तरफ सरकवावी लागे. पुढें १९८४ मध्यें फ्रान्सच्या लूक कंपनीनें, बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्यांस बूट जोडण्याची आपली युक्ति पायडलास लावली. बर्फावर पडतांना बूट सुटला नाहीं, तर पायाचें हाड मोडतें. म्हणून अडकविण्याइतकाच सोडविण्याचाही विचार त्या युक्तींत होता. १९८५ सालीं बर्नार्ड हिनॉल्ट यानें हीं पायडलें वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली आणि शर्यतींतून टो-क्लिप मागें पडूं लागली. १९९० मध्यें जपानच्या शिमानो कंपनीनें क्लीट तळाच्या खोबणींत बसविली. त्यामुळें ते बूट घालून चालणेंही सोपें झालें.

पाय जखडले कीं पायडल वरही ओढतां येतें आणि वेग पुष्कळ वाढतो, अशी अनेकांची समजूत आहे. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत स्वारांस मुद्दाम पाय वर ओढावयास सांगितलें, तेव्हां त्यांच्या शरीराची कार्यक्षमता वाढण्याऐवजीं घटली. खरें काम खालीं दाबण्यांतच होतें. पाय जलद फिरतांना किंवा उभें राहून जोर लावतांना पाऊल निसटत नाहीं, हा क्लिपलेसचा खरा लाभ. परंतु पाऊल नेहमीं एकाच जागीं राहत असल्यानें क्लीट तिरपी बसली, तर गुडघा दुखूं लागतो.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, निवड करतांना एकच प्रश्न विचारावा : वाटेंत पाय किती वेळां टेकावा लागतो ? शाळेस व बाजारांत जाणाऱ्यास सपाट पायडलच योग्य. मोकळ्या रस्त्यानें दूरवर जाणाऱ्यानें क्लिपलेस अवश्य घ्यावें. पण आधीं स्प्रिंगचा ताण अगदीं कमी ठेवावा, एक हात भिंतीस टेकावा व दोन्ही पाय सोडविण्याचा सराव करावा. मग गवताच्या मैदानावर थांबण्याचा अभ्यास करावा. नवशिका बहुधा वेगांत पडत नाहीं. थांबतांना पाय सोडविण्याचें विसरतो व जागच्या जागीं कोलमडतो. मैदानावर यानें कोपर खरचटेल; रहदारींत शेजारीं मोटार असेल, तर प्राणावर बेतेल. म्हणून सायकल थांबण्यापूर्वींच पाऊल मोकळें करण्याची संवय लागली पाहिजे.

पालकांनींही निर्धास्त असावें. पायडल बदलण्यास नवी सायकल लागत नाहीं, एक पाना पुरतो. फक्त डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हें विसरूं नये. तें सोडवितांना पाना घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरवावा. मुलानें प्रथम सपाट पायडलावर तोल, ब्रेक व रहदारीचे नियम नीट आत्मसात करावे. पाऊल बांधून घेण्याचा हट्ट त्यानंतर धरला, तर तो पुरविण्यास हरकत नाहीं.