ज्योतीवर गार होणारे कपाट

जाळ केला की वस्तू तापते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण खाली गॅसची ज्योत जळते आहे आणि वर कपाटात दूध गार होते आहे, असे कोणी सांगितले तर? अमेरिकेत व युरोपात सुटीच्या प्रवासासाठी मोटारघरे वापरतात. झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या या मोठ्या गाड्या. त्यांतील जुन्या गाड्यांमध्ये बहुधा असाच फ्रीज असतो. तो बंद पडला की मालकापुढे प्रश्न पडतो: पुन्हा तसाच फ्रीज बसवावा, की घरातल्यासारखा कॉम्प्रेसरचा? याचे उत्तर शोधण्यास शाळेत शिकलेले विज्ञान पुरते. कसे, ते पाहू.

ज्योतीने थंडी कशी?

माठाच्या अंगातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होते. त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा माठातल्या पाण्यातून घेतला जातो, म्हणून ते गार होते. फ्रीजमध्येही हेच घडते. मात्र तेथे पाण्याऐवजी सहज बाष्प होणारा पदार्थ लागतो. अमोनिया हा तसा पदार्थ आहे. वातावरणाच्या दाबाला तो उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो. आपल्याकडील बर्फाच्या कारखान्यांतही अमोनियाच वापरतात, पण तेथे त्याचे बाष्प कॉम्प्रेसरने दाबून पुन्हा द्रव करतात.

कॉम्प्रेसर नसलेला फ्रीज १९२२ साली स्वीडनमधील बाल्ट्झार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स यांनी शोधून काढला. त्या वेळी ते दोघेही स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयात शिकत होते. त्यांच्या यंत्रात पाणी, अमोनिया व हायड्रोजन हे तीन पदार्थ पोलादी नळ्यांत कायमचे बंद केलेले असतात.

ज्योतीने पाण्यातील अमोनियाचे द्रावण तापते. भात उकळताना बुडबुडे पेज वर ढकलतात, तसे येथे अमोनियाचे बुडबुडे अरुंद नळीतून द्रावण वर चढवतात. तेथून अमोनिया वेगळा होऊन संघनकात जातो, हवेने निवतो व द्रव बनतो. हा द्रव उतरत उतरत बाष्पकात, म्हणजे कपाटाच्या थंड भागात येतो. तेथे हायड्रोजन असतो.

खरी युक्ती इथेच आहे. समजा, नळ्यांतला एकूण दाब सगळीकडे २० वातावरणे आहे. एवढ्या दाबाखाली अमोनिया खोलीच्या तपमानालाही उकळणार नाही. पण बाष्पकातील दाबापैकी १७ वातावरणे हायड्रोजनची असतील, तर अमोनियाच्या वाट्याला ३ वातावरणेच येतात. डाल्टनचा आंशिक दाबाचा नियम तो हाच! मग अमोनियाचे बाष्पीभवन उणे १० अंशांच्या आसपासही होते आणि कपाटातली उष्णता शोषली जाते. अमोनिया मिसळलेला हायड्रोजन जड होऊन खाली उतरतो. तेथे पाणी अमोनिया पिऊन टाकते व हलका झालेला हायड्रोजन पुन्हा वर जातो. पंप नाही, मोटर नाही. सारे काम उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांवर चालते.

उतारावर बिघाड का?

जे गुरुत्वाकर्षणावर चालते, ते तिरके करून कसे चालेल? गाडी धावत असताना ती डुलत राहते, त्यामुळे फारसे बिघडत नाही. पण उतारावर तासन्तास उभी राहिली, तर द्रव नळ्यांच्या वळणांत साचतो आणि उकळणाऱ्या भागाकडे परत येत नाही. ज्योत मात्र जळतच असते. पोलाद गंजू नये म्हणून द्रावणात सोडियम क्रोमेट घातलेले असते. अति तापल्यावर ते घट्ट होऊन अरुंद नळीत बसते. एकदा नळी तुंबली की फ्रीज कायमचा निकामी होतो.

नळी गंजून फुटली तर धोका मोठा. अमोनियाचा उग्र वास किंवा मागील बाजूस पिवळी भुकटी दिसली की ज्योत ताबडतोब बंद करून दूर व्हावे; हायड्रोजन ज्वालाग्राही आहे. जुने यंत्र घरी कापणे किंवा तापवणे तर मुळीच नको.

बदलताना हिशेब

कॉम्प्रेसरचा फ्रीज थोड्याशा उतारावरही चालतो, लवकर गार होतो आणि त्याला ज्योत लागत नाही. पण त्याला वीज हवी. समजा, तो १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५ अँपिअर घेतो व दिवसाचे १० तास प्रत्यक्ष चालतो. म्हणजे रोज ५० अँपिअर-तास. शिसे-आम्लाची १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये. तेव्हा ती एकच दिवस पुरेल. रोज विजेच्या तळावर उतरणाऱ्याला किंवा छतावर सौर पट्ट्या असणाऱ्याला हे परवडते. आठवडाभर दाट झाडीत मुक्काम करणाऱ्याला मात्र सिलिंडरवर चालणारा जुनाच प्रकार सोयीचा. कपाट चांगले असेल, तर मागचे शीतयंत्र तेवढे बदलूनही भागते.

जुना फ्रीज काढताना सिलिंडर बंद करून गॅसची नळी जाणत्या कारागिराकडूनच बुजवून घ्यावी व साबणाच्या पाण्याने गळती तपासावी.

तारांकडेही लक्ष हवे. ज्योतीच्या फ्रीजमधील नियंत्रकासाठी बारीक तार पुरत होती. तिचा जाऊन-येऊन रोध ०.३ ओहम असेल, तर ५ अँपिअरला १.५ व्होल्ट वाटेतच खर्च होतील. मग बॅटरीत पुरेशी वीज असूनही ती संपली असे समजून संरक्षक मंडल कॉम्प्रेसर थांबवील! म्हणून जाड तार व योग्य फ्यूज हवा. फ्रीजमागे हवा खेळती राहील, हेही पाहावे. आतून काढलेली उष्णता बाहेर गेलीच पाहिजे.

कोणता फ्रीज चांगला, हे मुक्काम कोठे आणि वीज किती यावर ठरते. खरेदीपूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसणारा फसत नाही.

विचार करा

१. वरील तारेऐवजी ०.०५ ओहम रोधाची तार घातली, तर किती व्होल्ट खर्च होतील?

२. २०० वॅटची सौर पट्टी रोज ४ तास पूर्ण शक्तीने चालली, तर वरील फ्रीजची एका दिवसाची गरज भागेल का?

३. यंत्रात हायड्रोजनऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड भरला तर काय होईल? अमोनिया अल्कधर्मी आहे, हे विसरू नका.