चुलीपाशी टिकलेला धर्म

चि. भाचीस,


नव्या संसारातला पहिला मलिदा, म्हणजे आभाराचा प्रसाद, करायचा म्हणून कृती मागवलीस. पातळ पोहे चाळणीत धुऊन निथळत ठेवायचे, बोटांनी हलकेच मोकळे करायचे. मग साखर किंवा किसलेला गूळ, ओलं खोबरं, वेलची, काजू, बेदाणे. पोहे मऊ व्हावेत, लगदा होऊ नये. खरी कसोटी पुढेच असते. ताटात फळं मांडून, एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाहूचं, गीत म्हणून झाल्यावरही कुणी लगेच हात घालत नाही. खजुरावर झाडाच्या फळाची ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतात, केळ्यावर जमिनीच्या पिकाची, कारण एकदा घड दिला की केळीचा तो बुंधा संपतो. घास कुठून आला हे आठवल्याशिवाय तो तोंडात जात नाही.

बेने इस्रायलींचा, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचा, धर्म टिकला तो असाच, घरातल्या शिस्तीवर. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली बांधलं. त्याआधी कित्येक पिढ्या अलिबागच्या पट्ट्यात हे लोक तेलाचे घाणे चालवत होते आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, ते बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी या यहुद्याची गोष्ट तर समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. हे लोक यहुदीच आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढे शिजवायला घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीला उत्तर मिळालं.

मुंबईत कुर्ल्याच्या मासळी बाजारात आजही तीच निवड करता येते: पापलेट, रावस, बांगडा चालतात, कोळंबी, खेकडे, तिसऱ्या नाहीत.

मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, ही तोरा या धर्मग्रंथाची आज्ञा. कोकणातल्या यहुदी सुगरणींनी मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घातलं. चव राहिली आणि नेमही राहिला.

जेवणाच्या या शिस्तीमागचा विचार जुना आहे. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि वेदी गेली. तालमुद या धर्मचर्चेच्या ग्रंथातले गुरू म्हणतात की आता माणसाचं प्रायश्चित्त त्याच्या जेवणाच्या मेजावर होतं. भाष्यकारांनी त्याचा अर्थ पाहुण्याला वाढणं असा सांगितला. बलिदानाला मीठ लागे, म्हणून शब्बाथची रोटीही मिठाला लावून खातात. तेव्हा मलिद्याचा वाटा शेजाऱ्यांच्या दारीही गेला पाहिजे.

नोकरी करून हे सगळं अवघड जातं, हे खरं. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, मग चूल पेटवायची नाही, आणि शुक्रवार संध्याकाळची लोकल कुणासाठी थांबत नाही. म्हणून भाजी गुरुवारी रात्रीच चिरून ठेव. किद्दुशच्या, म्हणजे शब्बाथच्या स्वागताच्या प्रार्थनेच्या, शरबतासाठी काळ्या मनुका तेव्हाच भिजत घाल. दुसऱ्या दिवशी कुस्करून गाळलं की झालं. सगळंच एकदम जमणार नाही. आधी शुक्रवार सांभाळ, मग मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी कर.

1948 मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर समाजातली बहुतेक घरं इस्रायलला गेली. म्हणून कुर्ल्याच्या प्रार्थनागृहात अजून भेटणाऱ्या वडीलधाऱ्या बायकांपाशी बस. तिशा बआवला, म्हणजे मंदिर पडल्याच्या शोकदिनाला, वालाचं बिरडं कसं करतात, नव्या वर्षाचा चिकाचा हलवा किती वेळ आटवायचा, हे त्यांच्याकडून ऐकून लिहून घे आणि एक प्रत मलाही पाठव.

तुझी,
मावशी